पंचवीस फूट आत

"देवाला शब्द खुशाल दे, पण त्याचं मोजमाप दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस," असं जेनेव्हीवची आई पीठ मळता मळता सांगायची. आईला जाऊन तीस वर्षं झाली होती. पण नव्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात शहराच्या हॅमर्स या बेसबॉल संघाने तिसरा चेंडू कुंपणापार टोलवला, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर समालोचक किंचाळला, आणि जेनेव्हीव ग्रुश्काला आईचा तो आवाज अगदी कानाशी ऐकू आला.

"तीन होमरन! एका दिवसात तीन!" तिचा नवरा लेन खुर्चीतून उडालाच.

"लाज नाही वाटत मेल्यांना," जेनेव्हीव म्हणाली.

लेनने आधी रेडिओकडे पाहिलं, मग बायकोकडे. "अगं, आपलीच पोरं आहेत."

"तेच तर!"

झालं होतं असं. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिरोग्या, म्हणजे उकडलेल्या करंज्या, करून विकायच्या, ही केस्लरटाउनच्या पोलिश बायकांची जुनी रीत. बटाटा आणि चीजचं सारण भरायचं, पारी दुमडायची, बोटांनी मुरड घालायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या डोलोरेस पिख्टाने पर्समधून जेवायचा काटा काढला आणि मुरड घालायची सोडून कड काट्याने दाबायला लागली. सगळ्या बायकांदेखत. जेनेव्हीव चर्चमधली रोजची मिस्सा न चुकवणारी, बुधवारचा उपवास करणारी, आवाज कधी न चढवणारी बाई. तीसुद्धा म्हणाली, "असंच करायचं तर बाजारातून गोठवलेल्या आणाव्यात की." डोलोरेसने ॲप्रन सोडला, घडी केली आणि गेली. त्या दिवसापासून ती तळघराची पायरी उतरली नव्हती. दोघींच्या घरांमध्ये एकच झुडपांची हेज होती, आणि तीन वर्षांत तिच्यावरून एक शब्द इकडचा तिकडे गेला नव्हता.

गेल्या शनिवारी जेनेव्हीवने पापांच्या कबुलीत हे सांगितलं. जाळीपलीकडून फादर टॅड म्हणाले, "तिच्या दारात जा आणि एक चांगला शब्द बोला."

"एकदाच ना, फादर?"

"किती वेळा ते तुम्ही ठरवा."

इथे जेनेव्हीवला नको ती हुशारी सुचली. गेल्या अख्ख्या मोसमात हॅमर्सचे होमरन किती? नऊ. "आपल्या पोरांनी जेव्हा जेव्हा चेंडू कुंपणापार मारला, तेव्हा तेव्हा जाईन," ती म्हणाली.

जाळीपलीकडे फादर खोकले. "देवाने ऐकलं बरं का, मिसेस ग्रुश्का."

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मिस्सेनंतर ती डोलोरेसच्या दारात उभी राहिली. तीन होमरन, तीन चांगले शब्द.

"तुझे पडदे स्वच्छ आहेत," जेनेव्हीव म्हणाली.

डोलोरेसने दार फटीएवढंच उघडलं होतं. "मग?"

"आणि तुझा कुत्रा हल्ली भुंकत नाही."

"तो जानेवारीत गेला."

"चांगला कुत्रा होता," जेनेव्हीव म्हणाली.

दार बंद झालं. तीन झाले होते.

पण हॅमर्सना कसलं वारं लागलं होतं कोण जाणे. शनिवारी दोन, रविवारी चार. बोहॅनन नावाचा एक नवा धटिंगण आला होता, तो तर बॅट फिरवायचा तो जणू जेनेव्हीववर राग काढल्यासारखा. शहर नाचत होतं, बेकरीवाला होमरनमागे एक डोनट फुकट देत होता, आणि जेनेव्हीव जपमाळ हातात घेऊन रेडिओसमोर बसत होती.

"पोरांसाठी प्रार्थना करतेस?" लेनने कौतुकाने विचारलं.

"तो बोहॅनन बाद व्हावा म्हणून."

मग तिला सगळं सांगावंच लागलं. लेन इतका हसला की त्याला दाताची कवळी काढून ठेवावी लागली.

"हसतोस काय? तिचे पडदे झाले, जिना झाला, ट्यूलिप झाले, गाडी झाली. काल तिच्या कचऱ्याच्या डब्याचं कौतुक केलं मी! आता काय राहिलंय त्या बाईत?"

"व्रत सोड."

"माझ्या जन्मात मी व्रत सोडलेलं नाही. त्या दांडगटांपायी सोडू?"

सोमवारी तिने मिस्सेनंतर फादरना गाठलं. "हे नैसर्गिक नाही, फादर. तीच पोरं गेल्या वर्षी नऊवर थांबली होती."

फादरनी अंगरख्याची बाही नीट केली. "मैदानाचं कुंपण आत घेतलंय ना. मालकांनी हिवाळ्यातच सरकवलं, पंचवीस फूट. लोक कंटाळून निघून जात होते."

"आणि मी शब्द दिला तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मार्चमध्ये त्या कुंपणावर पवित्र पाणी मीच शिंपडलं."

"ही फसवणूक आहे!"

"मी तुम्हाला अडवलं असतं," फादर अगदी मऊपणे म्हणाले, "पण तुम्ही फार आनंदात दिसत होतात."

घरी येईपर्यंत जेनेव्हीवचे कान तापले होते. त्या दुपारी हॅमर्सनी आणखी चार मारले.

मंगळवारी जेनेव्हीवने दार वाजवायच्या आतच डोलोरेसने ते उघडलं. टेबलावर कॉफीचे दोन कप होते.

"काल चार झाले," डोलोरेस म्हणाली. "बस."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या नवऱ्याने. हेजवरून. अख्ख्या चर्चला माहीत आहे! मी मूर्ख, मला वाटलं तीन वर्षांनी बाईला अक्कल आली. आणि तू येतेस कोणासाठी, तर त्या बोहॅननसाठी!"

"मी व्रतासाठी येते!"

"माझ्या कुत्र्याबद्दल बोललीस तेव्हा मी रडले, माहितीये? फुकट रडले! चल, बोल तुझे चार. कचऱ्याचा डबा सोडून."

जेनेव्हीव कपाकडे बघत बसली. कॉफी चांगली होती, तो एक. बिस्किटं ताजी होती, दोन. तिसरा फार शोधून सापडला, भिंतीवरचं कॅलेंडर. चौथा मात्र तीन वर्षं घशात अडकला होता.

"काट्याने दाबलेल्या तुझ्या पिरोग्या," ती अखेर म्हणाली, "पाण्यात सुटल्या नव्हत्या. माझ्या सात सुटल्या. मी त्या लपवून खाल्ल्या."

डोलोरेसने दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांचे सांधे सुजलेले होते, दोन बोटं वाकडी झाली होती. "काटा काय हौसेने आणला होता मी?"

"मग तेव्हाच सांगायचं होतंस!"

"तू विचारलंस?"

जेनेव्हीव आणखी एक कप कॉफी प्यायली. तो तिने व्रताच्या हिशेबात धरला नाही.

आणि त्याच दिवशी हॅमर्सच्या बॅटा गारठल्या. मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य. पवित्र गुरुवार उजाडला. शुक्रवारच्या शेवटच्या विक्रीच्या पिरोग्या त्या दिवशी दुपारी तळघरात करायच्या होत्या. रेडिओवर सामना चालू होता आणि जेनेव्हीव ओट्याशी उभी होती.

"मार की रे!" ती रेडिओवर खेकसली. "गरज नव्हती तेव्हा बरा मारत होतास!"

"सुटलीस की आता," लेन म्हणाला. "आता कशाला जायचं तिच्याकडे?"

तेवढ्यात समालोचकाचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. पाहुण्या संघातल्या कोणा पोराने चेंडू कुंपणापार मारला होता. लेनने कपाळाला हात लावला.

जेनेव्हीवने रेडिओ बंद केला. ड्रॉवर उघडून दोन काटे काढले, नॅपकिनमध्ये गुंडाळले आणि कोटाच्या खिशात ठेवले.

"अगं, तो त्यांचा होता!" लेन म्हणाला. "तू आपल्या पोरांचं बोलली होतीस."

"कुंपण तर आपलंच आहे ना," जेनेव्हीव म्हणाली, आणि हेजच्या कडेने डोलोरेसच्या दाराकडे निघाली.