सेतुमामांचं नाक

आमच्या शेजारचे सेतुमामा मला रोज सकाळी एकच प्रश्न विचारत. मी दाराशी सडा घालायला आले, की दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून त्यांचं डोकं वर येई. नाकातून नेतीचं पाणी अजून ठिबकत असे. शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरच्या थाटात ते म्हणत, "सूनबाई, आजि धूर कसला गे?"

लग्न होऊन साताऱ्याहून कुंभकोणमला आलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न आला, तर तिनं काय समजावं? मला वाटलं, नव्या सुनेचं नाक तपासायची इथली रीत असेल. स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, पण माझ्या सासरच्या मराठीला त्याची काही वार्ता नव्हती. ही माणसं मराठा राजांच्या काळात तंजावर प्रांतात आली आणि येताना जी भाषा आणली तीच वापरत राहिली. घरात माझ्या पणजीच्या पणजीची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी घाबरत घाबरत हुंगलं आणि म्हणाले, "भाताच्या कोंड्याचा." मामांनी मान डोलावली. "सरि." सरि म्हणजे तमिळमध्ये बरोबर. मी पास झाले होते.

कुंभकोणमच्या आमच्या भागात, मेलकावेरीत, धुराला तोटा नव्हता. भाताच्या गिरणीत कोंडा जळायचा, पितळेची भांडी करणाऱ्यांच्या भट्ट्या पेटायच्या, सुगीनंतर शेतांत पेंढा जळायचा. मामांकडे प्रत्येक धुराला वेगळा उतारा होता. कोंड्याला सुंठ आणि गूळ. भट्टीला दोन्ही नाकपुड्यांत कोमट तिळाच्या तेलाचे दोन दोन थेंब. पेंढ्याला नेती, तीही दोनदा. धूर मिसळलेला असला की मामांचा चेहरा उजळे, कारण मग सगळंच करता येई. "नाक म्हणजे वेस," ते म्हणायचे. "वेशीवर पहारा नाही, तर गाव लुटिलें म्हणून जाण."

पोस्टात त्यांनी तीस वर्षं तारमास्तरकी केली होती. प्राणायाम करतानाही ती सुटली नव्हती. ओट्यावर मांडी घालून ते श्वास मोजायचे आणि उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर टकटक वाजत राहायचं. श्वास घेताना चार टिचक्या, सोडताना आठ. मामा रोज स्वर्गात तार करतात आणि उत्तर येत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात, असं आमचे हे म्हणायचे. त्यांच्या पत्नी तुंगाक्का मी यायच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. मुलगा दिल्लीला सरकारी नोकरीत होता आणि महिन्याला एक पत्र पाठवायचा. त्यामुळे मामांना वेळच वेळ होता आणि तो सगळा त्यांनी गावाच्या नाकांसाठी राखून ठेवला होता.

गाव काही कृतज्ञ नव्हतं. एकदा त्यांनी गिरणीच्या मालकालाच नदीवर नेऊन नेतीला बसवलं. एका नाकपुडीतून घातलेलं पाणी दुसरीतून यायचं सोडून मालकांच्या तोंडून शिव्याच बाहेर आल्या. आमच्या नणंदेच्या लग्नात होमाचा धूर वाढला, तेव्हा मामा तुपाची वाटी घेऊन वरपक्षाच्या पंगतीत शिरले आणि एकेकाच्या नाकाला तूप लावत सुटले. त्या लग्नाच्या फोटोत सगळ्या व्याह्यांची नाकं चकाकतायत. तमिळ शेजारी त्यांना मूक्कु वैद्यर म्हणायचे, म्हणजे नाकाचे वैद्य. मामांना ती पदवीच वाटायची. मीही हसणाऱ्यांतलीच होते, खोटं कशाला सांगू?

मग मला दिवस गेले, तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच पोट रिकामं झालं होतं. या खेपेला आठवा लागला, तेव्हा सासूबाई तिरुक्करुगावूरला गेल्या. तिथल्या गर्भ राखणाऱ्या देवीपुढचं एरंडेल आणलं आणि रोज संध्याकाळी माझ्या पोटावर चोळू लागल्या. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी तर श्वासही जपून घ्यायची.

आणि नेमक्या त्याच दिवसांत उत्तरेला कोल्लिडम नदीच्या कोरड्या पात्रातलं बोरूचं रान पेटलं. कोसभर पसरलेलं वाळलेलं रान, विझवणार कोण आणि कसं? वारा आमच्याकडे वळला. दुपारी सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा दिसायला लागला, वाळत घातलेल्या धोतरांवर राख पडू लागली. दुसऱ्या दिवशी मला धाप लागली. उताणं झोपवेना, बसवेना, आणि पोटातली हालचाल मंदावल्यासारखी वाटली. मी फार भ्यायले.

मामा न बोलावता आले. भिजवलेल्या वाळ्याचे पडदे त्यांनी आमच्या मधल्या खोलीच्या दारा-खिडक्यांना टांगले. आमची चूल बंद करून सगळा स्वयंपाक स्वतःच्या परसात हलवला. नेतीचं भांडं आणतील म्हणून मी धास्तावले होते, पण त्यांनी मान हलवली. गर्भिणीला नेती नको, श्वास कोंडणं नको, तिखट औषध तर नकोच, असं त्यांनी सासूबाईंना बजावलं. मला एवढंच म्हणाले, "तू काही करूं नको. मी वाजवितों, तू सोड."

पडद्यापलीकडे बसून ते दाराच्या चौकटीवर बोटानं वाजवू लागले. चार टिचक्या, मग आठ. चारात घ्यायचा, आठात सोडायचा. पहिल्यांदा मला पाच-सहाच्या पुढे जाता येईना, तर ते सहावरच थांबायचे. दुपारपर्यंत आठ जमले. तीन दिवस तो माणूस जेवणाखाणापुरता उठला असेल. आणि दर तासाला पडद्याआडून तोच प्रश्न यायचा, "सूनबाई, धूर कसला?"

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. पोटात पोर, छातीत धाप, आणि यांची परीक्षा काही संपत नाही! वाळ्याच्या फटीतून मला मामा दिसत होते. त्यांच्या गुडघ्याशी शेगडीवर अडुळशाचा काढा ठेवलेला, बाकी सगळ्यांसाठी केलेला. तो आटून करपत होता. असा उग्र, कडवट वास सुटला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी रागानं मुद्दामच म्हणाले, "कोंड्याचा."

"सरि," मामा गंभीरपणे म्हणाले. "कोंडाच." आणि त्यांनी सुंठ-गुळाची डबी उघडली.

सासूबाई धावत येऊन काळं पडलेलं भांडं उतरवून घेऊन गेल्या, तेव्हा कुठे त्यांचं तिकडे लक्ष गेलं.  बोट थांबलं होतं. मग थोड्या वेळानं पुन्हा वाजू लागलं, चार आणि आठ.

संध्याकाळी एरंडेल चोळता चोळता सासूबाईंनी मला हळू आवाजात सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वी मोठ्या तापातून सेतुमामा उठले ते नाक गमावूनच. फूल नाही, फोडणी नाही, काहीच कळेना. ज्याला वास येत नाही त्याला धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. एकदा मामांच्या परसातला कडबा धुमसत होता आणि ते शेजारीच बसून पेपर वाचत होते. तेव्हापासून ही नाकाची धास्ती. रोज पहाटे तुंगाक्का त्यांना सांगायच्या, आज हवेत काय आहे ते. गल्लीतल्या जुन्या बायकांना सगळं ठाऊक होतं, पण कधी कुणी बोललं नाही. "तुंगा गेली," सासूबाई म्हणाल्या, "मग दोन वर्षें त्यानें कोणासही विचारिलें नाही. तू आलीस, तुला विचारिलें."

मला माझीच लाज वाटली. कोण कुणाची परीक्षा घेत होतं? दुसऱ्या दिवशी पहिली टिचकी वाजायच्या आत मीच सांगितलं, "मामा, बोरूचा. पण कालच्यापेक्षा पातळ आहे, थोडा ओल्या मातीसारखा."  ते "सरि" म्हणाले, फार हलक्या आवाजात.

त्याच दिवशी वारा फिरला. महिन्याभरानं मला मुलगी झाली, चांगली रडकी आणि धडधाकट.

इकडे बाळाला न्हाऊ घातलं की निखाऱ्यांवर ऊद टाकून त्याच्या धुरावर केस सुकवतात. बाराव्या दिवशी सासूबाईंनी धुपाटणं पेटवलं आणि त्याच वेळी सेतुमामा दारात उभे राहिले. आता हे वाटी घेऊन बाळाच्या नाकाला तूप लावणार, अशी सगळ्यांची खात्री होती.  मामा खाली बसले, मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्या ओल्या जावळावर नाक टेकवून खूप लांब श्वास घेतला. चार नव्हे, आठ मोजून.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इन्स्पेक्टरचा थाट कुठेच नव्हता. "सूनबाई," ते म्हणाले, "धूर कसला गे?"

"उदाचा," मी म्हणाले. "गोडसर आहे, मामा. त्याच्याखाली हळदीचा, बेसनाचा. आणि अगदी टाळूवर दुधाचा, थोडासा आंबूस."

मी "सरि" ऐकायची वाट पाहिली. मामांनी डोळे मिटले होते. बोट मुलीच्या पाठीवर अगदी हळू वाजत होतं.

"आणिक सांग," ते म्हणाले.