शालिनीताई सिनेमा बोलतात

शालिनीताई वाघमारे फक्त स्वतःला न कळणाऱ्या भाषेतले सिनेमे बघायच्या. मराठी, हिंदी, इंग्रजी वर्ज्य. "कळणाऱ्या सिनेमात ती माणसंच सगळं बोलून टाकतात गं, मग मी काय करू?" असा त्यांचा सवाल असे. पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळी दिसू नयेत म्हणून त्या पर्स नाकासमोर धरून बसत आणि सगळ्या पात्रांचे संवाद हलक्या आवाजात, मराठीत, स्वतःच म्हणत. "तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. खाली कशाला वाचायचं?"

शेजारच्या खुर्चीत मी असायचे. इथे परदेशात, चांगी बिझनेस पार्कात आमची ऑफिसं समोरासमोर. मी पुण्याची, आयटीतली, बिशानला नवऱ्याबरोबर राहणारी. त्या नांदेडच्या, एका बँकेच्या बॅक ऑफिसातल्या. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, हौगांगला एका चिनी आजींच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेतलेली. जेवणाच्या सुट्टीत ओळख झाली आणि त्यांना हक्काचा श्रोता मिळाला.

दोन कोरियन गुंड एकमेकांवर पिस्तुलं रोखून उभे होते, तेव्हा ताईंच्या मते वाद सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा होता. "आधी तुमच्या मजल्यावरचं गळतं बंद करा, मग बोला." धाड. एक जण मेला. "बघ. चहावर मिटलं असतं." हंगेरीतल्या एका लग्नात नवरीची आत्या मानाच्या साडीवरून रुसली. एका जपानी सिनेमात बराच वेळ कुणी तोंडच उघडेना, तेव्हा ताईंनी वाट बघून बघून शेवटी कुत्र्याला बोलतं केलं.

आजूबाजूचे वळून बघत. एकदा पुढच्या रांगेतले चिनी अंकल वैतागले. "आँटी, टॉक सो मच, हाऊ टु वॉच?" ताईंनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "सॉरी अंकल. शी डोन्ट अंडरस्टँड." अंकलनी माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की उरलेला सिनेमा मी अडाणी चेहरा करून बघितला.

मग तो गॅलिशियन सिनेमा आला. अशी एक भाषा आहे आणि ती स्पेनच्या एका कोपऱ्यात बोलतात, हे मला पत्रकावरून समजलं. ताई खूश झाल्या. "म्हणजे थिएटरात कुणालाच येणार नाही. उत्तम."

सिनेमा एका लाँड्रीत राबणाऱ्या बाईचा होता. दिवसभर हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या, संध्याकाळी दुसऱ्यांचे जिने पुसायचे. एकटी बाई, पदरात लहान मुलगी. ताईंनी झोकात सुरुवात केली. दोन बायका चादरीची घडी घालत होत्या. "माझ्याकडे ओढ गं, तुझी बाजू नेहमी लांब." "काल डब्यात काय होतं? वास सुटला होता नुसता." मी तोंडावर रुमाल धरून हसत होते.

मग मालकाने त्या बाईला आत बोलावलं. खाली ओळ आली की पर्यटक वाढलेत, रविवारीही यावं लागेल. ताई मालकाच्या आवाजात म्हणाल्या, "बसा. तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही. पण तुमचं सगळं सेक्शनच आता मनिलाला चाललंय. शुक्रवारी कार्ड जमा करा. तुमच्या पासचं काय ते एचआर बघेल."

खाली ओळ होती, 'मग मुलीला मी कुठे ठेवू?' ताई म्हणाल्या, "हो सर. थँक्यू सर. मी जरा चहा पिऊन येऊ का?"

चादरी धुणाऱ्या बाईला तिच्याच देशात पास कशाला लागतो? इथे आम्हा परदेशी लोकांची नोकरी गेली की राहण्या-कामाचा पास जातो, आणि पास गेला की देश.

"ताई," मी कुजबुजले, "कधी झालं हे?"

"मंगळवारी. थांब, ती बोलतेय."

पडद्यावर ती बाई बसस्टॉपवर फोन करत होती. मुलीला शाळेतून घेऊन ये म्हणून शेजारणीला विनवत होती. ताईंच्या मराठीत ती म्हणाली, "दादा, मी येतेय. रजा नाही रे, कायमचीच. नाही नाही, मला खोली कशाला? पोरांचे अभ्यास असतात. मी पडेन की हॉलमध्ये." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. पर्स त्यांनी डोळ्यांवर दाबून धरली, ती शेवटपर्यंत काढली नाही. बाई बोलत राहिली, तिच्या भाषेत.

नंतर आम्ही खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये चहा घेऊन बसलो. अशा वेळी लोक म्हणतात ते सगळं मी म्हटलं. दुसरीकडे अर्ज करा, माझ्याकडे तुमचा सीव्ही पाठवा. ताईंनी ऐकून घेतलं. या वयात कोण घेणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे, मीनल," त्या म्हणाल्या. "इथे आले त्या दिवशी लावली आणि नुसती पलंगावर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. घरी कपडे बदलायलासुद्धा घरातल्या दोघींना दाराशी पहाऱ्याला उभं करावं लागायचं. दादा चांगला आहे, वहिनीही चांगली आहे. पण आता पुन्हा मला रडायचं झालं तर न्हाणीघरात नळ सोडून रडायला लागणार."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

चहा निवला. मग त्यांनी विचारलं, "खाली काय लिहिलं होतं गं शेवटी? त्या बाईचं पुढे काय झालं?"

"नोकरी राहिली तिची. सोमवारी पुन्हा कामावर गेली."

"खरंच?"

"खरंच, ताई."

"बरं झालं," शालिनीताई म्हणाल्या. "मला तिचीच काळजी लागली होती." आणि एवढ्या गर्दीत, सगळ्यांच्या देखत, त्या रडायला लागल्या.