शेणाच्या बदल्यात चाय

आमच्या कोंढा गावचे डोमाजी शेण हुंगून ते कोणाच्या ढोराचं आहे हे सांगत. मी शाळेवर मास्तर म्हणून नवा आलो तेव्हा मला ही लोणकढी थाप वाटली. मग त्यांच्या शेजारीच खोली मिळाली आणि पहिल्याच सकाळी पाहिलं. समोरच्या दामूच्या टोपल्यात बोट खुपसून त्यांनी नाकाशी नेलं आणि म्हणाले, "हे तुह्या म्हशीचं नाही, बाप्पा. सरपंचाच्या गोठ्यातून उचललं. त्याचीच ढोरं सरकीची ढेप खातेत." दामू मुकाट्याने कबूल झाला.

डोमाजींनी अंगणात स्वतःचा गोबरगॅस बांधला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नागपूरला नोकरीला, आणि गोठ्यात एकच म्हातारी गाय. तिच्या शेणावर चहा सोडा, पाणीसुद्धा कोमट होईना. म्हणून त्यांनी कायदाच केला होता: टोपलंभर शेण आणा, हौदात टाका आणि चाय प्या. रोज सकाळी ओसरीवर दहा-बारा जण ठरलेले. मला गाय नव्हती, तरी शेजारधर्म म्हणून माझा कप असे.

"पहा जी, कशी निळी आच हाये," ते म्हणत. "लाइन गेली का तुमचा बल्ब मरते. माह्या शेगडीले कोणाच्या बापाची लाइन नाही लागत."

पुढे ग्रामपंचायतीने गावाचा एकच मोठा गोबरगॅस बांधायचं काढलं. शेण सगळ्यांनी तिथे द्यायचं, गॅस नळीने घरोघर यायचा. ग्रामसभेत डोमाजी तावातावाने उठले. "गावभराचं शेण एका खड्ड्यात कायले? तिथली एक चावी बिघडली तं सारं गाव बिनचायचं बसन. ज्याचं अंगण, त्याची टाकी!"

"अन् तुमच्या टाकीत शेण कोणाचं जाते जी?" सरपंचांनी विचारलं.

सभा पोट धरून हसली. मीही हसलो आणि मोठ्या गॅससाठी हात वर केला. शिकलेला माणूस ना मी.

नळ्या आल्या; डोमाजींनी तेवढी घेतली नाही. खोटं कशाला बोलू, सोय झाली. बायका चुलीच्या धुरातून सुटल्या, ज्याचा त्याचा चहा ज्याच्या त्याच्या घरी होऊ लागला. माझाही. फक्त भिंतीवरून दिसणारी, गॅस भरला की वर येणारी डोमाजींची लोखंडी टाकी आता रोज थोडी थोडी खाली बसत गेली. आठवडाभर मी ते बघत होतो. शेवटी राहवेना. रस्त्यावरचं शेण गोळा केलं आणि बादली घेऊन त्यांच्याकडे गेलो.

ओसरीवर बारा कप धुऊन पालथे मांडले होते. डोमाजींनी बादलीकडे पाहिलं, पण बोट घातलं नाही, हुंगलंही नाही.

"शेण कायले आणलं जी, मास्तर? खाली हातानं यायचं होतं."

शेगडी पेटेना. मग त्यांनी जुन्या चुलीत काड्या घातल्या, फुंकून फुंकून जाळ केला आणि दोन कप सुलटे केले. मला माझ्या वर केलेल्या हाताची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दामूला घेऊन गेलो. दोघंही रिकाम्या हातांनी.