चिंचेचा खटला आणि माझी मोटार

मोटारीचं तेलपाणी किती दिवसांनी करावं, असा प्रश्न कुणाला पडलाच तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं, असं मी १९३७ साली हिंगोलीत छाती पुढे काढून सांगत असे! गावात वकील पुष्कळ होते, पण मोटारवाला वकील मी एकटा! कापसाच्या जिनिंग कारखान्याचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची जुनी मोटार मी घेतली. तिच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिकाही आली. ती मी तीनदा वाचली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं, दर हजार मैलांनी इंजिनातलं तेल बदलावं आणि मोटार उघडून साफ करावी.

आणि माझ्या मोटारीतला मैलांचा आकडा होता नऊशे अठ्ठ्याण्णव.

दोन वर्षं तो तेवढाच होता!

आमच्याकडे यंत्रातलं कळणारा माणूस एकच, खाजा मिया. जिनिंगच्या इंजिनापासून शिवणाच्या मशीनपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. माझ्या मोटारीजवळून जाताना ते थांबायचे, कान द्यायचे आणि हकिमानं नाडी धरून मान हलवावी तशी मान हलवायचे.

"वकीलसाब, तेल बदलना होना. अंदर डांबर हो गया होंगा."

"अहो, हजार मैल झालेत कुठे?"

"मीटर मर गया, साब! गाडी तो चल रई ना!"

"पुरावा?"

खाजा मियांनी आभाळाकडे पाहिलं. "बारिश के पहले एक बार, बारिश के बाद एक बार. इत्ता तो करो!"

"कागदात पावसाचा उल्लेख नाही!"

असं वाक्य कोर्टात टाकलं की समोरचा वकील गप्प बसतो. खाजा मियाही पान्हा खिशात टाकून चालते झाले. मला वाटलं, जिंकलो! आमच्या सौभाग्यवती नर्मदाबाईंचं मत मात्र वेगळं. त्या म्हणाल्या, "माझ्या शिवणाच्या मशीनलासुद्धा मी महिन्याला तेल घालते."

"त्या मशीनची पुस्तिका आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं. त्या उठून आपल्या मशीनला तेल घालायला गेल्या. एका दिवसात दोन खटले!

त्या दिवसांत माझ्याकडे सटवाजीचा दावा होता. सटवाजी आणि संतराम हे चुलतभाऊ. गाव कळमनुरीच्या अलीकडे, सडकेला लागून. दोघांच्या बांधावर आजोबानं लावलेलं चिंचेचं झाड होतं आणि ते कुणाचं यावरून आठ महिने दोघांचा अबोला होता. सटवाजी दोन तारखांना गैरहजर राहिला होता. तिसऱ्यांदा चुकला असता तर दावा खारीज आणि चिंच संतरामची!

"काळजी नको," मी म्हणालो. "आदल्या दिवशीच हिंगोलीला ये, म्हणजे या खेपेला चुकायचा नाहीस. माझ्या मोटारीतून कळमनुरीला जाऊ. तासाभरात अदालतीच्या दारात!"

सटवाजी नवा फेटा बांधून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघालो. त्याची एकच इच्छा होती.

"वकीलसाब, संत्या बैलगाडीनं निघाला आसंल. त्येच्या बाजूनं जरा जोरात घ्या!"

घेतली की! सात-आठ मैलांवर संतरामची गाडी दिसली. मी भोंगा वाजवला, सटवाजीनं फेट्याचा शेमला उडवला, आणि आम्ही त्या बिचाऱ्याला धुळीनं न्हाऊ घालून पुढे गेलो. सटवाजी मागे वळून पाहत होता आणि असा हसत होता की जणू खटल्याचा निकालच लागला!

दोन मैल गेलो. मोटारीतून आधी करपलेल्या भाकरीसारखा वास आला. मग कुणी तरी आत दगड पाखडत असावं तसा आवाज आला. मग धूर. मग काहीच नाही.

मी हँडल घातलं. हँडल हलेना! सटवाजीनं जोर लावला. मोटार हलली, हँडल नाही!

"वकीलसाब, काहून थांबली हो?"

"विश्रांती घेतेय," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार!

अर्ध्या तासानं मागून घुंगरं ऐकू आली. संतरामची गाडी! त्याच्या मिशांवर अजून आमचीच धूळ होती. त्यानं गाडी थांबवली, मोटारीकडे पाहिलं, सटवाजीकडे मुळीच पाहिलं नाही.

"वकीलसाब, तुमच्या मानसाला सांगा, माझ्याकडं दोर हाय."

दोघांत दोन हातांचं अंतर. पण सटवाजी म्हणाला, "वकीलसाब, त्येला सांगा, आमाला कोनाचे उपकार नगं."

संतराम म्हणाला, "वकीलसाब, त्येला सांगा, पेशी चुकली तं चिंच माझी व्हईल. पर आसली चिंच मला नगं! लोक म्हंतेल, मोटार बंद पडली म्हनून जितला!"

सटवाजी मोटारीपुढे वाकला. गुपचूप दोराचं दुसरं टोक मोटारीला बांधू लागला.

अशी आमची वरात निघाली. पुढे बैल, मागे बैलगाडी, तिच्या मागे मोटार, आणि मोटारीत सुकाणू धरून मी! चढावर बैलांना ओझं नको म्हणून सटवाजी बैलांच्या डावीकडून चालायला लागला, संतराम उजवीकडून. चढ संपल्यावर दोघेही गाडीवर बसले, एक या टोकाला, एक त्या टोकाला.

मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. काचेतून पाठी तेवढ्या दिसत होत्या. पण मी वकील माणूस, पाठी वाचता येतात! आधी संतरामनं डावा बैल दाखवून काहीतरी विचारलं. तो बैल सटवाजीच्याच गोठ्यात जन्मलेला. सटवाजी काहीतरी बोलला. मग पानसुपारीची चंची उघडली. मग सटवाजी वीतभर सरकला. मग चक्क एकाची भाकरी दुसऱ्याच्या हातात!

माझा पक्षकार माझ्या डोळ्यांदेखत विरुद्ध पक्षाची भाकरी खाऊन राहिला होता, आणि माझ्या पिशवीत सत्तावीस पानांचा युक्तिवाद! त्याला सावध करावं म्हणून मी भोंगा दाबला. जोरात!

सटवाजी सावध झाला नाही. बैल झाले!

त्यांनी शेपट्या वर केल्या आणि जे उधळले! गाडी उडतेय, मोटार उडतेय, मी उडतोय! मी ब्रेक दाबला. पण ब्रेकसुद्धा हजार मैल पुरे व्हायची वाट पाहत बसलेला! समोर कळमनुरी आली, आणि दिवस नेमका बाजाराचा! माणसं ओरडत दोन्ही बाजूंना पळाली. वांग्यांची एक टोपली माझ्या मांडीवर आली, मिरच्यांचं पोतं फुटलं, सगळा बाजार शिंकू लागला. पुढे गाडीचं चाक दगडावर चढलं आणि संतराम बाहेर फेकला गेला. नाही, फेकला जाणार तेवढ्यात सटवाजीनं त्याचं धोतर धरलं, मग दंड धरला, आणि ओढून छातीशी घेतलं. नवा फेटा रस्त्यात पडला तरी त्यानं हात सोडला नाही.

बैल थांबले ते अदालतीच्या आवारात. व्हरांड्यात खटला ऐकणारे मुन्सिफसाहेब उभे होते. मी वांग्यांसकट खाली उतरलो आणि आदाब केला.

"वकीलसाहब," ते म्हणाले, "वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीतून?"

मी खाकरून युक्तिवादाचं पहिलं पान काढलं. तेवढ्यात सटवाजी पुढे झाला. अजून धापा टाकत होता.

"साहेब, चिंचा आर्ध्या-आर्ध्या. आमचं भांडन न्हाई."

"आसं कसं एकदम?" साहेबांनी विचारलं.

"आवं, ह्यो पडला आसता तं मी चिंचा कोनासंग वाटल्या आसत्या?"

संतराम खाली बघत डोळे पुसत होता. मिरच्यांमुळे, असं तो म्हणाला.

साहेबांनी मलाच समझोत्याचा कागद लिहायला सांगितला. सत्तावीस पानांच्या जागी चार ओळी! मग दोघे भाऊ एकाच गाडीवर बसून घरी गेले. मी अदालतीसमोर मोटार राखत बसलो.

खाजा मिया दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी इंजिन उघडलं, आत काडी घातली. काडी उभीच राहिली! त्यांनी मला हात धरून जवळ नेलं आणि ती काडी दाखवली. तोच खरा मार होता. महिनाभर मोटार त्यांच्याकडे होती. परत आली तेव्हा मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि मान खाली घालून म्हणालो, "खाजा मिया, आता तुम्ही सांगाल तसं." त्यांनी सांगितलं, आणि मी तारीख लावून तसंच करू लागलो. मोटार अशी चालायला लागली की मलाच तिचा अभिमान वाटावा!

पुढच्या पावसाळ्याआधी साखऱ्याहून दोन सख्खे भाऊ आले, उत्तमसिंग आणि शंकरसिंग. एक दाराच्या या बाजूला उभा, दुसरा त्या बाजूला. विहिरीवरून वाद. मी खूश! कागद काढला, टाक बुडवला.

"बोला, दावा कुणाच्या बाजूनं लावायचा?"

"दावा नगं, वकीलसाब," उत्तमसिंग म्हणाला. "सटवाजीनं सांगितलं तुमचं. बैल आमचे घिऊन येतो, दोरबी आनतो. मोटार कदी बंद पडनार हाय, तेवढं सांगा."

मी ताठ बसलो. "माझी मोटार आता बंद पडत नाही! वेळच्या वेळी तेलपाणी होतं तिचं!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं असावं.

"मंग ऱ्हाऊ द्या!" म्हणाले, आणि दावा लावायला दुसऱ्या वकिलाकडे गेले.