मानेबाईंचं कपाट

पुस्तक मागायला आलेल्या मुलीला हाकलून लावणारी ग्रंथपाल मी आयुष्यात एकच पाहिली.

“हे? हे तुला झेपायचं न्हाई. ठेव खाली.”

“का हो बाई?”

“हसून हसून पोट दुखतंय ह्यानं. मग तुझी आय येऊन मला बोल लावंल. ते बघ, खालच्या फळीवर थोरांची चरित्रं हायत. त्यातलं एक ने गुमान.”

मुलगी खालच्या फळीकडे एकदा बघायची आणि तिथंच घुटमळत राहायची. मग मानेबाई मोठ्या नाइलाजानं वही उघडायच्या. “बरं, नंबर लावून ठेवते. तुझ्याआधी अकराजणी हायत.”

अकरा कुठल्या, एकसुद्धा नसायची. पण पुढच्या शनिवारी ‘नंबर लागला’ की ती मुलगी पुस्तक दप्तराच्या तळाशी घालून घरी न्यायची आणि सोमवारी दुसरं मागायला हजर. आता तिच्यासाठी खरंच नंबर लावावा लागे, कारण तोवर तिनं वर्गातल्या चौघींना सांगितलेलं असे.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची. मी लग्न होऊन पुण्याहून कोल्हापुरात आले होते आणि मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. इथल्या मुली ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, याची सवय व्हायलाच मला वर्ष लागलं. मानेबाई आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या. पन्नाशीच्या आसपास वय, गळ्यात कायम मापाची पट्टी, पदराला टोचलेल्या दोन-तीन सुया. त्यांच्याशी बोलायला मुली हातभर अंतर ठेवूनच उभ्या राहत.

ग्रंथालय त्यांच्याकडे आलं ते अपघातानं. ग्रंथालय म्हणजे एक लाकडी कपाट. ते ठेवायला जागा फक्त शिवणाच्या वर्गात होती. कपाट आलं, म्हणून किल्ली आली. आम्ही भाषा शिकवणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

नवी पुस्तकं निवडायची मानेबाईंची रीत मी स्वतः पाहिली आहे. एकदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला त्यांच्याबरोबर दुकानात पाठवलं. मी लेखकांची नावं बघत होते. मानेबाई प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान उघडत होत्या.

“शेवट आधी का वाचता?”

“‘म्हणून मुलांनो’ हाय का बघते. असलं की परत ठेवायचं. समदी मजा करून शेवटाला छडी काढतंय ते पुस्तक.”

‘म्हणून मुलांनो’ नसलं की मग पहिलं पान. ते त्या उभ्यानं वाचायच्या, ओठ हलवत, फार सावकाश. हसू आलं नाही तर पुस्तक परत. आलं, तर पदराचा बोळा तोंडात कोंबून तिथंच खांबाला टेकायच्या. दुकानदाराला हे ठाऊक असावं. त्यानं न सांगता स्टूल आणून ठेवलं. मी दोन तासांत तीस पुस्तकं सुचवली, त्यांनी सात घेतली. माझं त्यात एकही नव्हतं.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. त्यांच्या लेखी पुस्तकं म्हणजे ‘बोकडाचं’, ‘टकल्या राजाचं’, ‘त्या जाड्या मावशीचं’. बोकडाचं म्हणजे एका गावात लोक भांडून भांडून कंटाळतात आणि शेवटी बोकडालाच सरपंच करतात, ते. बोकड सभेचा कागद खाऊन टाकतो आणि गावाचे सगळे तंटे तिथंच मिटतात.

हे बोकडाचं पुस्तक मी एकदा जप्त केलं. सातवी ‘ब’मध्ये शकू नावाची मुलगी होती. गडमुडशिंगीहून एसटीनं यायची. तिला धडा वाचायला उभं केलं की ती बाकाची कड धरायची आणि एकही अक्षर बोलायची नाही. वर्षभरात मी तिचा नाद सोडला होता. एक दिवस मी कविता शिकवत असताना मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आली. बघते तर शकू! बाकाखाली पुस्तक, आणि डोळ्यांतून पाणी.

पुस्तक घेऊन मी तडक शिवणाच्या वर्गात गेले. “मानेबाई, हे काय वाङ्मय झालं? बोकड सरपंच होतो?”

“तुम्ही वाचला का?”

“चाळलं.”

“चाळू नका, वाचा. आणि तिला कुणी पुस्तक दिलं म्हून रागावलाय, का ती वाचायली म्हून?”

मी तशीच परत फिरले. बोकडाचं पुस्तक मात्र मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वाचलं. तो सभेचा कागद खातो त्या पानावर मला इतकं हसू आलं की चहा इतिहासाच्या बाईंच्या वह्यांवर सांडला. दुसऱ्या दिवशी ते मी शकूला परत दिलं, थोड्या अपराधी चेहऱ्यानं. ती म्हणाली, “मी दोनदा वाचलो, बाई. आता आमच्या आज्जीला वाचून दाखवतो.” बाकाची कड तिनं धरली नव्हती.

एवढं झाल्यावर मी मानेबाईंची भक्त व्हायला हवी होते. झाले नाही. खरं सांगायचं तर मला थोडा मत्सर वाटत होता. माझ्या तासाला जांभया देणाऱ्या मुली यांच्या दारात रांग लावत.

आणि मग ते तानूबाई प्रकरण निघालं.

संस्थेची मंडळी तपासणीला येणार होती. मोठ्या बाई स्वतः सगळ्या वह्या बघत होत्या. पांढरं पातळ, कोरा चेहरा, आणि रिकामा रकाना दिसला की तिथं बोट ठेवायची सवय. त्यांनी मला बोलावलं. ग्रंथालयाची वही समोर उघडी होती.

“तानूबाई केरबा चौगुले. हिच्या नावावर सतरा पुस्तकं आहेत. एकही परत नाही. इयत्तेचा रकाना रिकामा. ही मुलगी कोण?”

मला माहीत नव्हतं. शोधायचं काम माझ्यावर आलं. मी पाचवीपासून दहावीपर्यंत सगळे हजेरीपट पाहिले. चौगुले दोन निघाल्या, एक मंगल आणि एक विजया. जुने दाखले पाहिले. शिपायाला विचारलं, तो म्हणाला, “तानूबाई? आजकाल कोन ठेवतंय हे नाव? म्हातारीचं वाटतंय.” शेवटी मानेबाईंनाच गाठलं. त्या परकराला नेफा घालत होत्या.

“हाय की एक पोरगी,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “लाजरी हाय जरा.”

“कितवीत आहे?”

“शिक्षान मागं पडलंय तिचं.”

“राहते कुठं?”

“मंगळवार पेठेत. आमच्या घराजवळच.”

“मग पुस्तकं परत का आणत नाही?”

“सावकाश वाचती. घाई केली की तिला काय येत न्हाई.”

याहून जास्त त्या बोलेनात. माझ्या मनात नको त्या शंका आल्या. बाहेरच्या कुणा मुलीला पुस्तकं देतात की काय? की पुस्तकं हरवली आणि एक खोटं नाव लिहून ठेवलं? मी मोठ्या बाईंना एवढंच सांगितलं, की अशी मुलगी शाळेत नाही.

“ठीक,” मोठ्या बाई म्हणाल्या. “शनिवारपर्यंत खुलासा आला नाही तर कपाटाची किल्ली तुम्ही घ्या. आणि ती हसण्याबिसण्याची पुस्तकं तूर्त बंद.”

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो संध्याकाळपर्यंतच टिकला. एसटी स्टँडच्या वाटेवर शकू भेटली. “बाई, कपाट बंद हुनार म्हनत्यात पोरी. माझा शनवारी नंबर हाय हो.” यावेळी तिचा नंबर खरा होता, हे मला माहीत होतं. त्यानंतर मला त्या किल्लीचं सुख वाटेना.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. मानेबाई दाराशी उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचलं, “तानूबाई केरबा चौगुले.”

मानेबाई गळ्यातल्या पट्टीचं टोक चाचपत राहिल्या.

“मी विचारते आहे मानेबाई, ही तानूबाई केरबा चौगुले कोण?”

मानेबाईंनी गळ्यातली पट्टी काढून हातात घेतली. घट्ट गुंडाळली. आणि म्हणाल्या, “हजर.”

मला आधी कळलंच नाही. त्यांचं नाव सुलोचना. हजेरीपटावर, पगारपत्रकावर, सगळीकडे सुलोचना माने. मग एकदम कळलं. माझंही नाव लग्नात बदललं होतं.

“लग्नाआधीचं नाव हाय माझं,” त्या म्हणाल्या. “किल्ली मिळाल्यावर वहीत पयलं नाव तेच लिवलं. चुकलं माझं. पुस्तकं समदी घरात हायत, एक पान गेलेलं न्हाई.”

मोठ्या बाईंनी वही पुढ्यात ओढली. आता त्या काय म्हणतील याचा मला काही अंदाज येईना. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि रिकाम्या रकान्यावर धरला.

“इयत्ता?”

मानेबाई गोंधळल्या. “आं?”

“रकाना रिकामा ठेवता येत नाही. इयत्ता सांगा.”

“चौथी लिवा,” मानेबाई म्हणाल्या. “तितंच सुटली शाळा.”

मोठ्या बाईंनी ‘चौथी’ लिहिलं, टिपकागदानं टिपलं आणि वही मिटली. “संस्थेच्या मंडळींशी मी बोलते. सोमवारी सतरा पुस्तकं कपाटात दिसली पाहिजेत. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या.”

पुस्तकं आणायला मदत म्हणून मी त्याच दुपारी मानेबाईंच्या घरी गेले. खरं कारण कुतूहल. दोन खोल्यांचं घर. त्यांचे यजमान शिरोलीच्या फौंड्रीत पाळीला गेले होते. दोन्ही मुलगे नोकरीला. खिडकीशी शिवणाचं मशीन आणि त्याच्याशेजारी फळीवर ती सतरा पुस्तकं. ज्यांच्या पाठी उसवल्या होत्या त्या बारीक टाक्यांनी शिवलेल्या, आणि प्रत्येकाला परकराच्या उरलेल्या कापडाचं वेष्टन.

चहा ठेवता ठेवता त्या सांगत होत्या. माहेर कागलच्या बाजूला. चौथीत गुरुजी उभं करून वाचायला लावायचे. जोडाक्षराशी अडलं की छडी. “मग अडायच्या आधीच रडाय लागायची मी. बा म्हनला, पुरं झाली शाळा.”

पंधराव्या वर्षी लग्न झालं. “ताटात तांदूळ पसरलं. मालकांनी अंगठीनं माझं नवं नाव लिवलं त्यात. समद्या बायका म्हनायल्या, वाच, वाच. मला काय ते वाचाय येईना.” त्या हसल्या. “नणंदंनं कानात सांगितलं, तवा मला कळलं माझं नाव काय ते.”

पुढं सातवी बाहेरून दिली. धाकटा दीर धडे वाचून दाखवायचा, या पाठ करायच्या. शिवण मात्र हातातच होतं. त्या जोरावर शिवणाची परीक्षा पास झाल्या आणि नोकरी मिळाली. वाचायची वेळ आली की अंगाला घाम सुटायचा. मग कपाट आलं. कपाटाच्या कोपऱ्यात एक फाटकं, पोरांचं पुस्तक होतं. टकल्या राजाचं.

“शिवायला म्हून घरी आणलं. शिवता शिवता एक ओळ वाचली. मग दुसरी. आन् मला हसू आलं की हो! आवो, अक्षरं बघून मला आजवर कवा हसू आलं नव्हतं. तवा मनात आलं, हे त्या तानीला पायजे हुतं. तिला कुणी दिलं न्हाई. म्हून तिच्या नावावर लिवलं.” चहा गाळून त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. “आय हुती तवर तानी म्हनायची. ती गेल्यापास्नं आता कोन म्हनत न्हाई.”

मी फळीवरचं एक पुस्तक उचललं. आत खुणेचा दोरा होता. “हे राहिलंय का?”

“व्हय. जाड्या मावशीचं. शेवटची चार पानं ऱ्हायल्यात.”

“मग वाचा की. मी थांबते.”

त्यांनी एकवार दाराकडे पाहिलं. मग मशीनच्या स्टुलावर बसल्या, पुस्तक मांडीवर घेतलं आणि ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचू लागल्या. एकेक शब्द वेगळा. जाडी मावशी जत्रेतल्या पाळण्यात बसते आणि पाळणा हलेनासा होतो, तिथवर आल्या. पाळणेवाला मावशीला काहीतरी म्हणतो, आणि त्या म्हणण्यात एक मोठं जोडाक्षर होतं. बोट तिथं थांबलं. ओठ दोनदा हलले. कपाळावर घाम आला.

मराठीची शिक्षिका मी, शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला. खिडकीबाहेर कुणाचीतरी सायकल गेली. चहावर साय धरली. मी बसून राहिले.

मग बोट पुढं सरकलं, आणि पन्नास वर्षांची ती बाई पदराचा बोळा तोंडात कोंबायलासुद्धा विसरून मोठ्यानं हसली.