मांडुकी नदीचे खांदेकरी

मांडुकी नदी ‘मांडुकी दर्शन’ सोसायटीच्या मागच्या फाटकापर्यंत स्वतः वाहत येते आणि तिथून पुढच्या फाटकापर्यंत तिला कॉलेजची मुलं खांद्यावरून नेतात. सोसायटी पात्रातच बांधलेली असल्यामुळे दुसरा इलाज नाही, असं नगरपालिकेचं म्हणणं आहे.

दीक्षा वाघचौरे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. हॉस्टेलचा खर्च घरून भागेना, म्हणून तिने हे काम धरलं. खांद्यावर पोत्याची घडी टाकायची, नगरपालिकेचे ओव्हरसियर डोईफोडे साहेब ‘हं, उचला’ म्हणाले की सगळ्यांनी एकदम उचलायचं आणि चालू लागायचं. नदी गार असते, निसरडी असते आणि तिला सारखं खाली उतरायचं असतं. दीक्षाला पार्किंगच्या कोपऱ्यावरची जागा मिळाली होती. वळणावर नदीचा सगळा भार एकाच खांद्यावर येतो. कॉलेजात प्रॅक्टिकलला तिच्या हातून परीक्षानळ्या निसटायच्या आणि मॅडम विचारायच्या, “लक्ष कुठे असतं गं तुझं?”

सोसायटीचे सेक्रेटरी कुलथे रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहायचे.

“ए पोरी, फरशीवर पाणी सांडतंय. काल लॉबीत मासा सापडला.”

“नदीचाच आहे, काका.”

“ते कळतं मला. पण मेंटेनन्स आम्ही भरतो ना? आणि जरा उंच धरा, गाड्यांना घासतेय.”

मुलांनी नदी उंच धरली. दीक्षाने दात आवळले. उंच धरलेली नदी मानेवर येते.

मग कुलथ्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मांडव पार्किंगमध्येच होता. डोईफोडे साहेबांनी मुलांना बाजूला घेऊन सांगितलं, “कार्यक्रम उरकेपर्यंत नदी हलवायची नाही. फोटोत हलताना दिसते. जागच्या जागी धरून उभं राहायचं.”

“साहेब, मागून पाणी येतच राहणार,” दीक्षा म्हणाली. “थांबवली की ती जड होणार.”

“ते निसर्गाचं आहे. आपण आपलं काम करायचं.”

मुलं उभी राहिली. अंगठ्या घातल्या गेल्या, पेढे वाटले गेले, पाहुण्यांनी नदीला टेकून फोटो काढून घेतले. एका बाईंनी दीक्षाला, जरा हसरा चेहरा ठेव, असंही सुचवलं. नदी मागे तुंबत गेली आणि पोत्याची घडी खांद्यात रुतत गेली. दीक्षाच्या पुढे तौफिक मुजावर उभा होता. त्याच्या खांद्यातून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला आणि तो गुडघ्यावर बसला.

“साहेब, हाड मोडलंय त्याचं!”

डोईफोडे साहेब वाकून म्हणाले, “आधी भार दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचा, मग जखमी व्हायचं. कामावर घेतानाच सांगितलं होतं. आणि हळू बोल, मंगलाष्टकांची रेकॉर्ड लावायचीय.”

“साखरपुड्याला मंगलाष्टकं?”

“हौस आहे त्यांची.”

दीक्षाच्या डोक्यात तिडीक गेली. ती ओरडली, “ठेवा रे खाली! ठेवा!”

दोघांनी तौफिकला आधी जिन्यावर नेलं आणि मग सगळ्यांनी नदी खाली ठेवली.

नदी क्षणभर पसरली, मग तिला जुनी वाट सापडली. ती मांडवातून गेली, लॉबीतून गेली, लिफ्टमध्ये जाऊन बाहेर आली आणि पुढच्या फाटकातून निघून गेली. पाहुणे स्टेजवर चढले. कुलथे खुर्चीवर उभे राहून किंचाळत होते, “उचला! आत्ताच्या आत्ता उचला!”

“तुम्ही उचला,” दीक्षा म्हणाली आणि तौफिकला घेऊन दवाखान्यात गेली.

दोन दिवसांनी डोईफोडे साहेब हॉस्टेलवर आले. नदी आता उचलली जात नाही, तेव्हा इमारतच उचलून माळावर न्यायची, असं नगरपालिकेच्या बैठकीत ठरलं होतं.

“तुम्हा पोरांना अनुभव आहे. किती जण लागतील?”

दीक्षा म्हणाली, “एकही नाही. जे राहतात ते नेतील.”

साहेबांनी विचार केला. याविरुद्ध नियम नव्हता. “तसं कळवतो,” म्हणाले.

रविवारी सकाळी रहिवासी गुडघाभर पाण्यात इमारतीखाली ओळीने उभे राहिले. मजा वाटेल म्हणून दीक्षा समोरच्या काठावर गेली होती. गळ्यात हात बांधलेला तौफिक शेजारी होता. त्याचा तो हात पाहून तिला मजा काही वाटेना. राग होता तिथेच होता.

“पोरी,” कुलथे कोपऱ्यावरून ओरडले, “कोपऱ्यावरच्या माणसाने कसं धरायचं गं?”

तिने तौफिकच्या गळ्यातली झोळी सारखी केली.

इमारत वीतभर उचलली गेली, डुलली आणि गॅलऱ्यांमधले वाळत घातलेले कपडे हलवत माळाच्या दिशेने निघाली. चौथ्या मजल्यावर कुणाचा तरी गॅस चालूच राहिला होता. कुकरची शिट्टी झाली. कुणीच थांबलं नाही.