मुराळ्यासाठी थांबलेलं रक्त

मिरजेच्या एका प्रयोगशाळेत इंदुताई निकमांचं रक्त काचेच्या चिपमधल्या पहिल्याच वळणावर थांबलं आणि मुराळी आल्याशिवाय पुढं येणार नाही, असं म्हणालं.

तंत्रज्ञ शबाना मुल्लानं पंपाचा दाब जरा वाढवून पाहिला. रक्त भिंतीला चिकटून बसलं. तिनं पंप बंद केला, हातमोजे काढले आणि बाहेर बाकावर बसलेल्या इंदुताईंना आणि त्यांचे यजमान विश्वासराव यांना आत बोलावलं. अधूनमधून होतं असं, ती म्हणाली. मागं जतच्या एका गृहस्थांचं रक्त मानपानावरून अडलं होतं. थोरल्या जावयाला फेटा बांधला, तेव्हा कुठं हललं.

चिप तशी साधी होती. बोटभर काचेच्या पट्टीत केसाहून बारीक नळ्या कोरलेल्या. रक्तातल्या निरोगी पेशी त्यातून अंग चोरून सरकन निघून जातात. कॅन्सरच्या पेशी थोराड आणि ताठर, त्या वाटेतल्या खोबणींत अडकून बसतात. इंदुताईंचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, दुखणं परतलंय का एवढंच बघायचं होतं. ते कळायचं तर रक्तानं ही वाट चालून जायला हवी होती.

"मुराळी म्हणजे माहेराहून न्यायला येतो तो ना?" शबानानं खात्री करून घेतली. "भाऊ किंवा भाचा चालेल."

"मी असलं काही म्हटलेलं नाही," इंदुताई ताडकन म्हणाल्या.

"तुम्ही नाही मॅडम. रक्त म्हणालं."

"या वयात कसला मुराळी? लोक हसतील."

"मग तुमचं स्वतःचं काही मागणं नाही, असं धरू?"

"नाही म्हणजे नाही."

शबानानं तसं धरलं.

खरं तर मागणं जुनं होतं. आई होती तोवर दर दिवाळीला धाकटा भाऊ हिंदुराव गडहिंग्लजकडच्या गावाहून एसटीनं यायचा. दाराशी उभा राहून एवढंच म्हणायचा, "आक्का, चल. आई वाट बघतीया." आई गेली आणि त्याचं येणं थांबलं. भांडण नाही, तंटा नाही. न्यायला आल्याशिवाय लेकीनं माहेरी जायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. आणि 'न्यायला ये' असं लेकीनं आपल्या तोंडानं सांगायचं नाही, ही त्याहून कडक रीत. दर दिवाळीत एसटीच्या वेळेला इंदुताईंना नेमकं अंगण झाडायचं सुचायचं. विश्वासराव ते बघायचे आणि पेपर उलटा करून वाचत बसायचे.

आता मात्र ते पुढं झाले. सूक्ष्मदर्शकात तोंड घालून, आवाज जाड करून म्हणाले, "आक्का, चल."

"परड्यात काय आहे?" रक्तानं विचारलं.

"शेवगा."

रक्त जागचं हललं नाही. माहेरच्या घरामागच्या परड्यात रामफळ होतं. विश्वासराव ओशाळून मागं सरले.

"नमुना फार टिकत नाही," शबाना म्हणाली. "फोन लावा भावाला."

"मी लावणार नाही," इंदुताई म्हणाल्या. रक्ताचंही तेच मत पडलं. लेकीनं बोलावून आणलेला मुराळी त्याला चालणार नव्हता. शेवटी प्रयोगशाळेच्या वतीनं शबानानंच फोन केला. आपल्या भगिनींचं रक्त आमच्याकडे अडलेलं आहे, तरी मुराळी या नात्यानं यावं, असं तिनं सांगितलं. पलीकडून हिंदुराव म्हणाला, "इस्त्रीची कापडं घालून निघतो."

दुसऱ्या दिवशी तो आला. डोक्याला टोपी, हातात चिरमुऱ्यांच्या लाडवांची पिशवी. केस पार पिकले होते. बहिणीकडं त्यानं नीट बघितलंच नाही, पिशवी या हातातून त्या हातात करत राहिला.

"मला वाटलं, आक्काच्या दारात गाडी हाय. मनात आलं की येईल."

"गाडी होती रे," इंदुताई म्हणाल्या. "न्यायला कोण होतं?"

शबानानं त्याला खुर्ची दिली. त्यानं टोपी सारखी केली, काचेवर वाकला आणि पूर्वीच्याच आवाजात म्हणाला, "आक्का, चल. आई वाट बघतीया."

पंप बंदच होता. रक्त उठलं, वळण घेतलं आणि सगळ्या नळ्यांतून लगबगीनं निघालं. पलीकडच्या कुपीत पोचेतो ते कुठं टेकलंसुद्धा नाही. शबानानं एकेक खोबण तपासली, मग पुन्हा पहिल्यापासून तपासली.

"मागं कुणी राहिलं नाही," ती म्हणाली. "दुखणं परतलेलं नाही."

विश्वासराव भिंतीकडं तोंड करून रडले. इंदुताईंना एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात माहेरची ओढ अशी उसळून आली की त्यांनी टेबलाची कड धरली. हिंदुरावानं कुपी रुमालात गुंडाळली, वरच्या खिशात ठेवली, लाडवांची पिशवी भाओजींकडं दिली आणि तो निघाला. इंदुताई दारापर्यंत गेल्या. त्यानं आणखी काही म्हणावं, म्हणून उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"यांना नाही न्यायचं?" विश्वासरावांनी शबानाला हळूच विचारलं.

"त्यांचं मागणं नव्हतं," शबाना म्हणाली.

संध्याकाळी फोन आला.

"आक्का पोचली," हिंदुराव म्हणाला. "आईच्या खोलीत ठिवलंय, परड्याकडच्या खिडकीत. खुशीत हाय."

"जेवली?"

"पिठलं-भाकरी दावली. लई बरं वाटलं तिला."

इंदुताईंनी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "परत कधी पाठवणार?"

"आपल्या मनानं कशी पाठवू? तुमच्याकडनं कोणतरी न्यायला यायला पायजे की. रीत हाय."

"बरोबर आहे," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला आणि विश्वासरावांना माळ्यावरची बॅग काढायला सांगितली. सासरकडचं माणूस म्हणून न्यायला जायचं, तर लुगडं जरा बरं हवं होतं.